सिंगापूरमध्ये कंपनी नोंदवताना कामाचा क्रम कसा ठेवावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण पुण्यात गोदामांच्या व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर तयार करता, व्यवसाय प्रोप्रायटरी स्वरूपाचा आहे, सिंगापूरमधील दोन ग्राहक आपले काम घेतात आणि त्यांपैकी एकाने पुढचा करार तेथील कंपनीशीच करण्याची अट घातली आहे. सिंगापूरमधील एका एजंटाने दोन दिवसांत प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवून देण्याची तयारी दाखवली आहे, आणि त्याला पैसे पाठवण्याआधी काय पाहावे हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. भारतीय निवासींच्या परदेशी गुंतवणुकीची कागदपत्रे करणे हा सनदी लेखापाल म्हणून माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

एजंटाचे म्हणणे खोटे नाही. तेथील अ‍ॅक्रा या नियामक संस्थेकडे नावासाठी १५ आणि नोंदणीसाठी ३०० सिंगापूर डॉलर शुल्क भरावे लागते, आणि नाव दुसऱ्या एखाद्या खात्याकडे विचारार्थ पाठवावे लागले नाही तर नोंदणी बहुतेक वेळा त्याच दिवशी होते. परंतु या सगळ्या व्यवहारात नोंदणी हेच सर्वांत सोपे काम आहे. उशीर होतो तो बँक खात्याला, आणि गुंतागुंत होते ती भारतातील परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या, कागदपत्रांत. ही गुंतागुंत जवळजवळ नेहमी एकाच कारणाने होते : भारतात आधी करायचे काम सिंगापूरमधील नोंदणीनंतर, कधीकधी तर वर्षभरानंतर, हाती घेतले जाते.

त्याआधी एक मुद्दा. ग्राहकाला स्थानिक कंपनी नेमकी कशासाठी हवी आहे, हे त्याच्या खरेदी विभागाला लेखी विचारावे. बिल सिंगापूर डॉलरमध्ये हवे असेल तर ते पुण्यातूनही देता येते. वाद सिंगापूरच्या कायद्याने सोडवले जावेत एवढीच अपेक्षा असेल तर करारातील एका कलमाने ती पूर्ण होते. आज आपण एलयूटी हे हमीपत्र देऊन जीएसटी न भरता सेवांची निर्यात करत असाल, तर ती सोय सोडण्याचे काही कारण नाही. मात्र पुरवठादार यादीत नाव येण्यासाठी यूईएन हा तेथील नोंदणी क्रमांक आवश्यकच असेल, किंवा स्थानिक माणसे नेमून देखभालीची सेवा द्यायची असेल, तर कंपनीला पर्याय नाही. ज्यांना खरोखर गरज नव्हती आणि तरीही ज्यांनी कंपनी काढली, असे लोक दोन-तीन वर्षांनी ती बंद कशी करावी हे विचारायला येतात.

कंपनी काढायचीच असे ठरले, तर पहिला निर्णय तिचे शेअर्स कोणाच्या नावावर राहणार हा आहे. प्रोप्रायटरी फर्मला मालकापासून वेगळे कायदेशीर अस्तित्व नसल्याने फर्मच्या नावाने केलेली गुंतवणूक ही आपली वैयक्तिक गुंतवणूकच ठरते, आणि तिला एलआरएस, म्हणजे निवासी व्यक्तींना परदेशी रक्कम पाठवण्याची मुभा देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या, योजनेची मर्यादा लागू होते. ही मर्यादा एका व्यक्तीसाठी एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलर आहे, आणि मुलाची परदेशातील फी किंवा परदेश प्रवासासाठी घेतलेले चलनही त्यातच मोजले जाते. शिवाय वर्षभरातील रक्कम १० लाख रुपयांच्या पुढे गेली की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे रक्कम पाठवतानाच गोळा केला जाणारा आगाऊ कर, वसूल करते. समजा भांडवल म्हणून ४० लाख रुपये पाठवायचे आहेत आणि त्या वर्षी दुसरे काही पाठवलेले नाही, तर ३० लाखांवर सहा लाख रुपये टीसीएस जाईल. तो आयकरातून वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत तेवढी रोकड अडकते. पत्नीची मर्यादा आपल्या शेअर्ससाठी वापरता येईल असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. भांडवली गुंतवणुकीत कुटुंबीयांच्या मर्यादा एकत्र करायच्या असतील तर त्या प्रत्येकाचे नाव भागधारक म्हणून असावे लागते.

दुसरा मार्ग भारतीय प्रायव्हेट लिमिटेड कंपनीमार्फत गुंतवणूक करण्याचा. तेथे एलआरएस आणि टीसीएस दोन्ही लागू नाहीत. शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदातील नक्त मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या) ४०० टक्क्यांपर्यंत रक्कम रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीविना गुंतवता येते. आकडा मोठा वाटतो, परंतु एक लाख रुपये भागभांडवलाची नवी कंपनी असेल तर ही मर्यादा जेमतेम चार लाखांची होते. म्हणून केवळ सिंगापूरसाठी घाईने भारतीय कंपनी काढून उपयोग नसतो. उलट, पुढच्या वर्षा-दीड वर्षात आपला व्यवसाय कंपनीत रूपांतरित करायचा विचार असेल, तर ते आधी करावे आणि मग सिंगापूरकडे वळावे असे मी सुचवेन, कारण वैयक्तिक नावावरील परदेशी शेअर्स नंतर कंपनीकडे वळवायचे म्हटले की मूल्यांकन, भांडवली नफा आणि निर्गुंतवणुकीची नोंद हे सगळे एकदम अंगावर येते.

वैयक्तिक मालकीला आणखी दोन मर्यादा आहेत, आणि एजंट त्या सांगत नाहीत, कारण त्या भारतीय कायद्यातील आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झालेल्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार निवासी व्यक्तीला, तिचे नियंत्रण असलेल्या परदेशी कंपनीखाली उपकंपनी ठेवता येत नाही. म्हणजे उद्या सिंगापूरच्या कंपनीने मलेशियात उपकंपनी काढायची म्हटली तर वाट बंद. आणि दुसरे, निवासी व्यक्तीला आपल्या परदेशी कंपनीत फक्त भागभांडवल घालता येते, तिला कर्ज किंवा हमी देता येत नाही.

हा कर्जाचा मुद्दा किरकोळ वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. कंपनी नोंदली गेली, बँक खाते अजून उघडलेले नाही, आणि सर्व्हरचे भाडे, एजंटाची फी, नोंदणीकृत पत्त्याचे शुल्क असे खर्च सुरू होतात. मालक ते आपल्या भारतीय क्रेडिट कार्डावरून भागवतो. सिंगापूरमधील हिशेबनीस ती रक्कम ‘संचालकाला देणे’ या शीर्षकाखाली लिहितो, कारण त्याच्या दृष्टीने ती सर्वसाधारण नोंद आहे. भारतीय दृष्टीने मात्र निवासी व्यक्तीने परदेशी कंपनीला दिलेले ते कर्ज झाले, आणि ते देण्याची मुभा नाही. वर्षाखेरीस ताळेबंद भारतातील बँकेपुढे येतो तेव्हा ही ओळ लगेच लक्षात येते. यावर उपाय सोपा आहे : खाते उघडून भांडवल पोहोचेपर्यंत कंपनीच्या नावावर खर्च करूच नये, आणि एजंटाची सुरुवातीची फी त्याने कंपनीऐवजी थेट आपणास, व्यावसायिक सेवेचे बिल म्हणून, स्वतंत्रपणे आकारावी, असे आधीच ठरवून घ्यावे.

आता क्रमाकडे येऊ. नियमानुसार परदेशी कंपनीसाठी रिझर्व्ह बँकेचा यूआयएन हा क्रमांक रक्कम पाठवण्यापूर्वी किंवा शेअर्स मिळण्यापूर्वी, यांपैकी जे आधी घडेल त्याच्या आधी, घ्यावा लागतो. त्यासाठी फॉर्म एफसी भरून तो परकीय चलनाचा परवाना असलेल्या, म्हणजे एडी, बँकेकडे द्यायचा असतो, आणि त्या कंपनीचे सर्व व्यवहार पुढे त्याच नियुक्त बँकेमार्फत करायचे असतात. म्हणून सिंगापूरच्या एजंटाला होकार कळवण्यापूर्वी आपल्या बँकेच्या व्यापार किंवा परकीय चलन शाखेत जाऊन बोलावे. जवळच्या शाखेतील अधिकाऱ्याने हा फॉर्म कधी पाहिलेला नसण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे फोर्ट किंवा शिवाजीनगरसारख्या भागातील परकीय चलनाचे काम नियमित करणारी शाखा गाठणे बरे. बँक पॅन, केवायसी, रकमेचा स्रोत, सीएचे प्रमाणपत्र आणि प्रस्तावित कंपनीच्या कामाचे वर्णन मागेल. कर्ज काढून ही रक्कम उभी करता येत नाही, एलआरएसखालील भांडवली गुंतवणुकीसाठी बँकांना कर्ज देण्याची मनाई आहे.

सिंगापूरच्या बाजूने याच वेळी एक गोष्ट जपावी लागते. नेहमीच्या पद्धतीत एजंट १०० किंवा १,००० शेअर्स वाटून ते ‘पूर्ण भरलेले’ दाखवतो, कारण तेथे एक डॉलरच्या भांडवलानेही कंपनी निघते आणि ते पैसे प्रत्यक्ष कोणी भरले हे कोणी विचारत नाही. भारतात हाच प्रश्न पहिला विचारला जातो. पैसे भारतातून गेले नाहीत, तर कोणी भरले? एजंटाने भरले असतील तर ते कोणत्या नात्याने? म्हणून सुरुवातीचे शेअर्स कमीत कमी ठेवावेत, ते ‘न भरलेले’ म्हणून नोंदवायला सांगावे (अ‍ॅक्राच्या नोंदणीत तशी सोय आहे), बँकेला हा तपशील आधीच लेखी कळवावा आणि खाते उघडताच फॉर्म एफसीनुसार रक्कम पाठवून बाकीचे शेअर्स घ्यावेत. रक्कम पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत शेअर सर्टिफिकेट बँकेला सादर करायचे असते.

नोंदणीचे बाकीचे तपशील गुंतागुंतीचे नाहीत. परदेशी व्यक्तीकडे सिंगपास ही तेथील डिजिटल ओळख नसल्याने अर्ज नोंदणीकृत सेवा पुरवठादारामार्फतच करावा लागतो. स्थानिक नोंदणीकृत पत्ता लागतो, पोस्टाची पेटी चालत नाही. कंपनी सेक्रेटरी सहा महिन्यांच्या आत नेमावा लागतो आणि तो सिंगापूरचा निवासी असावा लागतो. नाव एकदा मंजूर झाले की १२० दिवस राखून ठेवले जाते, त्यामुळे भारतातील बँकेचे काम चालू असताना नाव सुरक्षित करून ठेवणे शक्य असते, आणि मी ते करायला सांगतो.

खरा खर्च आणि खरा धोका निवासी संचालकाच्या अटीत आहे. प्रत्येक कंपनीत किमान एक संचालक सिंगापूरमध्ये राहणारा असला पाहिजे. आपल्या ओळखीचे तेथे कोणी नसेल तर एजंट नामधारी संचालक पुरवतो, त्यासाठी दरवर्षी फी आणि बऱ्याचदा अनामत रक्कमही घेतो, आणि ही फी शासकीय शुल्काच्या कितीतरी पट असते. जून २०२५ मध्ये लागू झालेल्या कायद्यानंतर असा व्यावसायिक नामधारी संचालक नोंदणीकृत सेवा पुरवठादारामार्फतच नेमता येतो आणि तो योग्य व्यक्ती असल्याची खातरजमा त्या पुरवठादाराला करावी लागते. त्यामुळे ‘माझा एक मित्र सही करील’ असे सुचवणारा एजंट टाळावा. कंपनीत निवासी संचालक एकच असेल तर त्याला दुसरा नेमल्याशिवाय राजीनामा देता येत नाही, आणि ही गोष्ट दोन्ही बाजूंना बांधून ठेवते. फी थकली की संबंध ताणले जातात, आणि मग कंपनीचे प्रत्येक विवरणपत्र सहीसाठी अडकून राहते. म्हणून करारात नामधारी संचालकाच्या जबाबदाऱ्या, बँकेच्या सह्यांचे अधिकार आणि त्याला बदलण्याची पद्धत स्पष्ट लिहून घ्यावी. बँक खात्यावर त्याची सही ठेवू नये.

बँक खात्याबाबत घाई करून उपयोग नाही. सिंगापूरच्या बँकांना मालक कोण, पैसा कोठून येणार आणि कोणाकडे जाणार, याचे समाधानकारक उत्तर हवे असते. कंपनी नवी असली तरी आपला पुण्यातील व्यवसाय जुना आहे, याचाच आधार घ्यावा : मागील तीन वर्षांची विवरणपत्रे, दोन्ही ग्राहकांशी झालेले करार, काही बिले आणि त्यांची जमा दाखवणारी बँकेची स्टेटमेंट्स एकत्र बांधून द्यावीत. ज्या ग्राहकाने स्थानिक कंपनीची अट घातली त्याचे पत्र यात सर्वांत उपयोगी पडते. काही बँका मुलाखतीसाठी प्रत्यक्ष येण्यास सांगतात. परवानाधारक पेमेंट संस्थांची खाती लवकर उघडतात, पण त्यांतील शिलकीला बँक ठेवींसारखे विमा संरक्षण नसते. शिवाय भांडवलाची रक्कम अशा खात्यात पाठवायला आपली एडी बँक तयार आहे का, हे आधी विचारावे लागते.

कराबद्दल आपण विचारले नाही, पण एजंटाच्या पत्रकात ते पहिल्या ओळीत असेल. सिंगापूरचा कंपनी कर १७ टक्के आहे. सर्व कंपन्यांना करपात्र उत्पन्नाच्या पहिल्या १०,००० डॉलरवर ७५ टक्के आणि पुढील १,९०,००० डॉलरवर ५० टक्के सूट मिळते. नव्या कंपन्यांच्या योजनेत पहिली तीन वर्षे ही सूट पहिल्या एक लाखावर ७५ आणि पुढील एक लाखावर ५० टक्के असते. दोन लाख डॉलर उत्पन्न धरले तर सर्वसाधारण सवलतीत कर १६,५७५ डॉलर येतो आणि नव्या कंपनीच्या सवलतीत १२,७५०. फरक वर्षाला ३,८२५ डॉलरचा, तोही फक्त तीन वर्षे. एवढ्यासाठी मालकीची रचना ठरवू नये असे माझे मत आहे, कारण या सवलतीला दोन महत्त्वाच्या अटी आहेत : किमान १० टक्के शेअर्स असलेली एक तरी व्यक्ती भागधारक असावी, आणि कंपनी सिंगापूरची कर-निवासी असावी. भारतीय कंपनीकडे १०० टक्के शेअर्स असतील तर पहिली अट मोडते. सर्व निर्णय पुण्यात बसून घेतले जात असतील तर दुसरी.

ही दुसरी अट महत्त्वाची आहे. कंपनीचे नियंत्रण आणि व्यवस्थापन कोठून होते, यावर तिचे कर-निवासीपण तेथे ठरते, नुसती नोंदणी पुरत नाही. नामधारी संचालक काहीही ठरवत नाही, हे तेथील कर खात्याला ठाऊक असते. भारताच्या बाजूने पाहिले तर प्रत्यक्ष व्यवस्थापनाचे स्थान भारतात असलेली परदेशी कंपनी येथील निवासी समजून तिचे जगभरातील उत्पन्न करपात्र धरण्याची तरतूद आहे. वार्षिक उलाढाल ५० कोटी रुपयांपर्यंत असलेल्या कंपन्यांना ती लावली जात नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे, त्यामुळे आपल्याला त्याची तातडीची चिंता नाही. पण आपल्या दोन संस्थांमधील व्यवहारांना कोणतीही किमान मर्यादा नाही. सिंगापूरची कंपनी ग्राहकाला १०० डॉलरचे बिल देणार आणि पुण्यातील फर्म प्रत्यक्ष काम करून तिला बिल देणार, तर ते दुसरे बिल दोन परक्या व्यावसायिकांमध्ये ठरले असते तेवढेच असले पाहिजे, आणि त्याचा सीएचा अहवाल दरवर्षी द्यावा लागतो. बहुतांश काम पुण्यात होत असेल तर बहुतांश नफा पुण्यातच दिसायला हवा. हे लक्षात घेतले की १७ टक्के दराचे आकर्षण बरेच कमी होते. लाभांशावर सिंगापूर कर घेत नाही, पण तो आपल्या हातात आला की भारतात आपल्या स्लॅबप्रमाणे कर लागतो, आणि कंपनीने तेथे भरलेल्या कराची वजावट व्यक्तीला मिळत नाही. किमान २५ टक्के शेअर्स असलेल्या भारतीय कंपनीला मात्र दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार ती मिळू शकते.

दरवर्षीच्या कामांत एक अडचण अशी आहे जी सिंगापूरचा एजंट ओळखत नाही. तेथे उलाढाल, मालमत्ता आणि कर्मचारी यांच्या मर्यादांत बसणाऱ्या छोट्या कंपनीला लेखापरीक्षणातून सूट आहे, आणि हे तो अभिमानाने सांगेल. भारतात मात्र रिझर्व्ह बँकेला ३१ डिसेंबरपर्यंत द्यायचा एपीआर हा वार्षिक अहवाल लेखापरीक्षित हिशेबांवर आधारलेला असावा लागतो. लेखापरीक्षणाविना चालते ते फक्त जेथे भारतीय गुंतवणूकदाराचे नियंत्रण नसते आणि त्या देशाचा कायदाही लेखापरीक्षण मागत नाही तेथे, आणि या नियमांत १० टक्के मताधिकारही नियंत्रणाच्या व्याख्येत येऊ शकतो. थोडक्यात, आपल्याला लेखापरीक्षण करावेच लागेल, म्हणून त्याचा खर्च पहिल्या वर्षापासून अंदाजपत्रकात धरावा. एपीआर उशिरा दिला तर ७,५०० रुपये विलंब शुल्क पडते, पण खरा त्रास वेगळा आहे : थकलेला अहवाल नियमित होईपर्यंत त्या कंपनीत आणखी पैसा पाठवता येत नाही. भारतीय कंपनी गुंतवणूकदार असेल तर तिला १५ जुलैपर्यंत एफएलए हे परदेशी देणी व मालमत्ता यांचे विवरणपत्रही भरावे लागते.

आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या शेड्यूल एफएमध्ये हे शेअर्स दाखवणे बंधनकारक आहे, कंपनीने एक डॉलरही कमावला नसला तरी. कंपनीच्या सिंगापूरमधील बँक खात्यावर आपल्याला सहीचा अधिकार असेल तर तेही दाखवायचे. हे तपशील ३१ डिसेंबरला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाचे असतात, त्यामुळे सिंगापूरच्या कंपनीचे हिशेबाचे वर्षही डिसेंबरअखेर ठेवले तर शेअर्सचे मूल्य आणि शिल्लक जुळवणे सोपे जाते. काही जण मार्चअखेर निवडतात, तेही चालते, पण निवड नोंदणीच्या अर्जातच करावी लागते. नोंद न केल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर मालमत्ता सोडून, एकूण २० लाख रुपयांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला त्यातून वगळले आहे, तरी नोंद करण्याची जबाबदारी कायम आहे.

कंपनीची मालकी म्हणजे तेथे राहून काम करण्याचा परवाना नव्हे. एम्प्लॉयमेंट पाससाठी २०२५ पासून किमान मासिक पगार ५,६०० सिंगापूर डॉलर असून तो वयानुसार वाढतो, आणि त्याशिवाय कंपास या गुणपद्धतीत ४० गुण लागतात. २५ पेक्षा कमी व्यावसायिक कर्मचारी असलेल्या कंपनीला त्यांतील दोन निकषांचे २० गुण आपोआप मिळतात, उरलेले पगार आणि शिक्षणातून मिळवावे लागतात. आपण स्वतः पास घेऊन तेथे राहायला गेलात तर निवासी संचालकाची अडचण सुटते, परंतु मग आपण फेमाच्या दृष्टीने अनिवासी होता आणि वरील बरीच चर्चा बदलते. तसा विचार असेल तर कंपनी आधी की स्थलांतर आधी, हे नोंदणीपूर्वीच ठरवावे.

प्रयोग जमला नाही तर कंपनी बंद करायला अ‍ॅक्रा शुल्क घेत नाही, पण तिची सर्व देणी मिटलेली आणि करखात्याची सर्व विवरणपत्रे पूर्ण असावी लागतात. भारतात परत येणारी रक्कम ९० दिवसांच्या आत आणून, ती आल्यापासून ३० दिवसांत निर्गुंतवणुकीची नोंद बँकेमार्फत करावी लागते. ही नोंद राहून गेली तर रिझर्व्ह बँकेच्या दप्तरी तो यूआयएन चालूच राहतो, आणि दरवर्षीचा एपीआरही थकतच जातो.